हो, मीच घेतले

फेब्रुवारीतली दुपार होती. बाहेर उणे तीसच्या आसपास, वर बोचरा वारा, त्यामुळे मधल्या सुट्टीत मुलांना मैदानावर सोडलं नव्हतं. ओले बूट, लोकरीच्या टोप्या, संत्र्याची सालं आणि हीटरची कोरडी हवा यांचा मिळून एक वास असतो इथल्या शाळांच्या कॉरिडॉरला. त्या दुपारी एका मुलीचे इअरफोन सापडेनात. शोधाशोध झाली, रडारड झाली, आणि मग मी ज्या मुलाबरोबर असते, कुणीतरी त्याचं नाव घेतलं. बहुतेक वेळा त्याचंच नाव येतं. उपमुख्याध्यापिका आल्या. स्वभावाने फार मायाळू बाई. त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसून, आवाज अजिबात न चढवता त्यांनी विचारलं, ‘तू घेतलेस का?’ तो म्हणाला, नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, ‘नीट आठवून सांग, कुणी रागावणार नाही.’ तो म्हणाला, नाही. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘हो, मीच घेतले.’ कुठे ठेवलेस? ‘बुटांच्या रॅकमागे. निळ्या बुटांच्या मागे.’

रॅकमागे धूळ होती आणि कुणाचा तरी जुना हातमोजा. सुट्टीची सगळी वेळ तो माझ्या शेजारी बसून जिगसॉ लावत होता. मी तसं लगेच सांगितलंही. इअरफोन नंतर त्या मुलीच्याच जॅकेटच्या टोपीत निघाले. तिने सॉरी म्हटलं, बाईंनी त्याच्या पाठीवर थोपटलं, प्रकरण तिथे मिटलं. घरी सोडण्याच्या वेळी मी त्याला विचारलं की तू हो का म्हणालास? तो म्हणाला, ‘त्या सारख्या विचारत होत्या ना.’ इथपर्यंत मला समजण्यासारखं होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी जॅकेट खुंटीला अडकवता अडकवता तो आपणहून म्हणाला, ‘काल मी ते इअरफोन घेतले होते, आठवतं? निळ्या बुटांच्या मागे ठेवले होते.’ त्याच्या चेहऱ्यावर अपराध होता. खरा, मनापासूनचा. रात्रीतून ती गोष्ट त्याच्या आठवणीत जाऊन बसली होती.

न केलेल्या चोरीची त्याला लाज वाटत होती.

मी कॅनडातल्या विनिपेगमधल्या एका शाळेत एज्युकेशनल असिस्टंट आहे. ज्या मुलांना वर्गात शेजारी कुणीतरी बसलेलं लागतं, त्यांच्या शेजारी बसणं हे माझं काम. या मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील मी बदलले आहेत, आणि तो कोणत्या समाजाचा आहे हे मुद्दाम लिहिणार नाही. का, ते पुढे येईल. त्याच्या फाइलीत एफएएसडी अशी नोंद आहे, म्हणजे फीटल अल्कोहोल स्पेक्ट्रम डिसऑर्डर. तो पोटात असताना आईच्या पिण्यात आलेली दारू त्याच्या मेंदूपर्यंत पोचली, आणि जे झालं ते आता आयुष्यभर त्याच्यासोबत राहणार आहे. इथे शंभरातल्या चार जणांना हा त्रास असावा असा कॅनडातल्या संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे मोठ्या शाळेत असे कितीतरी असतील. नोंद मात्र एखाद-दुसऱ्याचीच असते.

पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं की या मुलाला काहीच झालेलं नाही. तो इतकं छान बोलतो! मोठ्या माणसासारखं, समोरच्याचं नाव घेऊन, विनोद करत. ‘कळलं का’ म्हटलं की ‘हो, अगदी’ म्हणतो. मग हळूहळू लक्षात येतं की बोलणं पुढे गेलेलं आहे आणि कळणं बरंच मागे राहिलेलं आहे. चारचा पाढा सोमवारी घडाघडा म्हणतो, बुधवारी तो पाढा कधी ऐकलाच नव्हता असं त्याचं तोंड होतं, आणि शुक्रवारी पुन्हा कुठूनतरी येतो. आमच्या आईच्या कोठीघरात डाळी-कडधान्यांचे एकसारखे डबे असायचे, प्रत्येकावर चिठ्ठी. कुणी एका रात्रीत सगळ्या चिठ्ठ्या काढून टाकल्या तर धान्य कमी होणार नाही, पण हव्या त्या वेळी हवा तो डबा हाताला लागेलच असं नाही. त्याच्या आठवणींचं तसं आहे. बघणाऱ्याला मात्र एवढंच दिसतं की सोमवारी येत होतं, म्हणजे बुधवारी हा टाळाटाळ करतोय.

‘पाच मिनिटांत’ म्हणजे किती, हे त्याला कळत नाही. घड्याळ वाचता येतं, पण वेळ जाते म्हणजे काय होतं ते त्याच्या हाती लागत नाही. पैशांचंही तसंच. नियम पाठ असतो, पण वर्गातला नियम जिमखान्यात गेल्यावर तोच राहतो हे त्याला वेगळं शिकवावं लागतं. काल ज्या गोष्टीमुळे बोलणी बसली तीच गोष्ट आज जशीच्या तशी करतो, आणि बोलणी बसल्यावर कालच्याइतकाच चकित होतो. ट्यूबलाइटचा बारीक आवाज त्याला ऐकू येतो, शर्टाच्या कॉलरमागचं लेबल टोचतं, आणि दुपारपर्यंत हे सगळं साठत जाऊन एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर तो फुटतो. मग टेबलाखाली जाऊन बसतो. मी टेबलाच्या शेजारी जमिनीवर बसते. काही बोलत नाही. त्या वेळी बोललेला प्रत्येक शब्द हा आणखी एक आवाजच असतो.

आळशी, खोटारडा, हट्टी, बेफिकीर. त्याच्या जुन्या प्रगतिपुस्तकांत हे शब्द सभ्य भाषेत लिहिलेले आहेत. आपण माणसाचा स्वभाव ज्यावरून ठरवतो ना, दिलेला शब्द पाळतो का, चुकीतून शिकतो का, खरं बोलतो का, पुढचा विचार करतो का, नेमका तोच भाग त्याच्या मेंदूत दुखावलेला आहे. पाय अधू असता तर कुणी पळ म्हणालं नसतं. इथे रोज पळायला सांगतात, आणि पडला की चारित्र्यावर शेरा मारतात.

हे होतं कसं, ते समजून घेतल्यावर मला काही रात्री नीट झोप लागली नव्हती. बाईने घेतलेली दारू वारेतून (प्लासेंटातून) सरळ बाळाकडे जाते; तिच्या रक्तात जेवढी, थोड्याच वेळात बाळाच्याही रक्तात साधारण तेवढी. पण तिचं यकृत ती दारू निस्तरू शकतं, बाळाचं अजून त्या कामाला तयार झालेलं नसतं. ती गर्भजलातही उतरते आणि बाळ तेच पाणी गिळत राहतं. त्या काळात मेंदूच्या पेशी तयार होत असतात, आपापल्या जागेकडे सरकत असतात, एकमेकींना जोडल्या जात असतात. यातल्या प्रत्येक टप्प्यात दारू ढवळाढवळ करू शकते. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा जाड पट्टा कधी बारीक राहतो, कधी अर्धवट. लहान डोळे, पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली पन्हळ अशी चेहऱ्यावरची जी खूण पुस्तकांत दाखवतात, ती तिसऱ्या आठवड्याच्या आसपासच्या मोजक्या दिवसांत ठरते. पाळी नुसती पुढे गेलीय की आणखी काही, याचा बाई विचार करत असते तेव्हा. त्या दिवसांत दारू पोचली नाही तर चेहरा नेहमीसारखाच. मेंदू मात्र नऊही महिने घडत असतो. म्हणून चेहऱ्यावर खूण असणारे दहात एखादेच. बाकीच्यांचं दुखणं कुणाला दिसत नाही.

आणि बुद्ध्यांकही बहुतेकांचा बरा असतो. सत्तरच्या वर असला की मदतीच्या अनेक योजनांची दारं बंद होतात. मंद म्हणावं इतका मंद नाही, आणि एकट्याने जगता येईल इतका सावरलेलाही नाही. या मधल्या पट्ट्यात माणसाचं आयुष्य कसं जातं याचा अभ्यास अमेरिकेतल्या सिएटलमधल्या मानसशास्त्रज्ञ अॅन स्ट्राइसगुथ यांनी केला. १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ज्या लेखांतून या विकाराला नाव मिळालं, त्यांच्या लेखकांत त्या होत्या. पुढे त्या याच मुलांच्या मागे राहिल्या, ती मोठी होईपर्यंत. १९९६ मध्ये त्यांनी ४१५ जणांची पाहणी मांडली. चौऱ्याण्णव टक्के लोकांना कधी ना कधी मानसिक आजाराने गाठलं होतं. बारा वर्षांवरच्यांपैकी साठ टक्के कायद्याच्या कचाट्यात सापडले होते. पण त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट होती, आणि मी तिला धरून असते. ज्यांचं निदान सहा वर्षांच्या आत झालं आणि ज्यांना सांभाळणारं, न मारणारं, न बदलणारं एक घर मिळालं, त्यांच्या वाट्याला हे सगळं पुष्कळ कमी आलं. मेंदूची इजा भरून येत नाही. तिच्यावर पुढे जे थर चढतात ते मात्र अडवता येतात.

चढतात ते थर माणसांनीच चढवलेले असतात.

त्या ‘हो, मीच घेतले’ने मला छळलं ते याच कारणाने. शाळेत मी होते. आणखी सहा-सात वर्षांनी, एखाद्या रात्री दुकानाबाहेर पोलिसांची गाडी थांबेल आणि कुणीतरी त्याला तीनदा विचारेल, तेव्हा तो तिसऱ्यांदा हो म्हणेल. तपशिलासकट सांगेल. निळे बूट, रॅकच्या मागे. आणि दुसऱ्या दिवशी वकिलालाही तेच सांगेल, कारण तोवर ते त्याला आठवत असेल. हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात कैदेत आणि देखरेखीखाली असलेल्या प्रौढांची तपासणी केली तेव्हा साडेसतरा टक्के जणांना एफएएसडी निघाला. म्हणजे बाहेरच्या अंदाजाच्या चौपटीहून जास्त. त्यांतले किती जण ‘दर मंगळवारी दुपारी दोनला हजेरी लाव’ ही अट पाळली नाही म्हणून पुन्हा आत गेले असतील, याचा मी विचार करते. दुपारचे दोन! ज्याला पाच मिनिटं कळत नाहीत त्याला. आमच्या विनिपेगच्या प्रांतिक न्यायालयात २०१९ पासून अशा लोकांसाठी वेगळी सुनावणी ठेवतात. खोली लहान आणि शांत, गर्दी नाही, आणि अटी समजावताना चित्रांचा वापर. बातमी वाचली तेव्हा मी ती त्याला सांभाळणाऱ्या बाईंना दाखवली होती. त्या म्हणाल्या, चांगलं आहे, पण तो तिथवर पोचूच नये यासाठी मी काय करू ते सांग.

माझं बालपण गडचिरोली जिल्ह्यात गेलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. मार्च-एप्रिलमध्ये मोहाचा बहर असायचा, पहाटे अंधारातच बायका टोपल्या घेऊन जंगलात जायच्या, आणि दिवस वर येईपर्यंत अंगणाअंगणांत फुलं वाळत पडलेली असायची. त्या गोड, जड, किंचित आंबूस वासाने डोकं धरायचं. पुढे त्या फुलांची दारू व्हायची हे आम्हा पोरांना माहीत होतं. काही घरांत ती देवाला लागे, लग्नाला लागे, मयताला लागे, आणि काही घरांत रोजच लागे. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली ती बायकांनी आणि गावांनी झगडून मिळवलेली. त्या वेळच्या सभा मला आठवतात. नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बाया माइक हातात धरून बोलत होत्या, आणि आमची आई पदराने डोळे पुसत ऐकत होती. त्या लढ्याविषयी माझ्या मनात फार आदर आहे. पण तिथे दारू नेहमी पुरुषाच्या हातात होती. बाई मार खाणारी, संसार ओढणारी. जी बाई स्वतः प्यायची, तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. गरोदर बायांना लोहाच्या गोळ्या मिळायच्या, धनुर्वाताची सुई मिळायची. तुम्ही पिता का, हे मात्र त्यांना विचारलेलं मी तरी कधी ऐकलं नाही.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. हसरा, बोलका, झाडावर चढण्यात सगळ्यांच्या पुढे. रोज पाटी विसरायचा. रोज छड्या खायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी नाही. दुसऱ्याचं भांडण स्वतःवर घ्यायचा. कुणी म्हटलं ‘तूच ढकललंस ना?’ की म्हणायचा, हो. पाचवीनंतर शाळेत दिसला नाही. इथे आल्यावर, हे काम करू लागल्यावर, तो मला सारखा आठवू लागला. पण मी स्वतःला आवरते. आमच्या भागात मेंदूवर जाणारा मलेरिया होता, सिकलसेल होता, पोटभर अन्नाची वानवा होती, बाळंतपणात अडलेल्या बायकांना तासन् तास बैलगाडीचा प्रवास होता. त्या मुलाला काय झालं होतं, काही झालं होतं की नाही, हे आता कुणी सांगू शकणार नाही. लांबून, वर्षांनंतर, त्याच्या आईच्या माथी काही मारायचा मला हक्क नाही. मला एवढंच आठवतं की छड्या मारून काही फरक पडत नाही हे वडिलांना कळत होतं. एकदा ते घरी येऊन आईला म्हणाले होते, ‘त्या पोराला मारताना मलाच कसंतरी होतं.’ त्यांनी पुढे त्याला मारणं सोडलं आणि शाळेतच त्याच्यासाठी एक जादा पाटी ठेवली. बस, एवढंच. कुठलंही पुस्तक न वाचता त्यांनी जे केलं तेच मी आज पगार घेऊन करते.

तर तो मुलगा कोणत्या समाजाचा, ते का लिहीत नाही, याबद्दल. इथे एफएएसडी म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मूळनिवासी लोक येतात. ज्यांची मुलं पिढ्यान् पिढ्या घरातून उचलून निवासी शाळांत कोंडली, ज्यांची भाषा काढून घेतली, आणि त्यातल्या शेवटच्या शाळा १९९०च्या दशकापर्यंत चालू होत्या, त्यांच्या दुःखाचा परिणाम त्यांच्याच रक्तातला दोष म्हणून मांडला जातो. मी महाराष्ट्रातून आलेली बाई आहे. १८७१च्या कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं, आणि १९५२ मध्ये त्या विमुक्त झाल्या तरी पारध्याच्या पोराकडे गावात आजही कसं बघतात ते मला ठाऊक आहे. म्हणून जन्माशी जोडलेल्या कुठल्याही शिक्क्याची मला भीती वाटते, या निदानाचीही. दारू वंश बघत नाही. १९७३ मध्ये सिएटलच्या डॉक्टरांनी ज्या आठ मुलांचं वर्णन केलं ती तीन वेगवेगळ्या वंशांची होती. त्याआधी, १९६८ मध्ये, फ्रान्समधल्या नांत शहरात पॉल लेमॉइन यांनी १२७ मुलांवर लिहिलं होतं. ती सगळी फ्रेंच घरांतली मुलं, आणि तो लेख तेव्हा जगाच्या फारसा लक्षातही आला नाही. दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये द्राक्षमळ्यांचे मालक मजुरांच्या पगाराचा काही हिस्सा वाइनच्या रूपात द्यायचे. ‘डॉप’ म्हणत त्याला. पिढ्यान् पिढ्या. ती पद्धत कायद्याने बंद झाली, पण व्यसन मागे राहिलं, आणि जगात या विकाराचं सर्वांत मोठं प्रमाण जिथे मोजलं गेलं त्यांत तिथली गावं आहेत. आता तिथल्या एखाद्या आईला दोष देताना सुरुवात कुठून करायची?

आपल्या लोकांतही हा प्रश्न वेगळ्या वेषात येतो. मागच्या उन्हाळ्यात इथल्या एका मराठी घरी डोहाळजेवण होतं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, बर्फी की पेढा, सगळं साग्रसंगीत. जेवणं झाल्यावर ती मुलगी मला स्वयंपाकघरात गाठून हळूच म्हणाली, ‘काकू, खरं सांगाल? मला कळायच्या आधी ऑफिसच्या पार्टीत दोनदा वाइन झाली होती. आणि मैत्रिणी म्हणतात, आताही एखादा ग्लास चालतो, फ्रान्समध्ये सगळ्या घेतात.’ तिच्या हातांवरची मेंदी अजून ताजी होती आणि डोळ्यांत भीती होती. मी तिला सांगितलं ते इथेही लिहिते, कारण हे विचारायला लाजणाऱ्या पुष्कळ जणी असतील. किती घेतली तर चालते, याचं सुरक्षित माप कुणालाच सापडलेलं नाही. म्हणून गरोदरपणात अजिबात नको. बिअर, वाइन, ताडी, मोहाची, सगळ्यांत अल्कोहोल तेच. पण जे होऊन गेलं त्यासाठी स्वतःला जाळू नकोस; प्रत्येक बाळाला इजा होतेच असं नाही, डॉक्टरांना मोकळेपणाने सांग, आणि थांबलीस ना, मग त्या दिवसापासून पुढचा प्रत्येक दिवस बाळाच्या फायद्याचा आहे. आणि फ्रान्समध्ये २००७ पासून प्रत्येक बाटलीवर गरोदर बाईचं चित्र आणि त्यावर काट मारलेली रेघ, किंवा तशीच लेखी सूचना असते. भारतातल्या बाटलीवर मद्यपान आरोग्याला हानिकारक आहे आणि पिऊन गाडी चालवू नका एवढंच आहे. पोटातल्या बाळाचा उल्लेख नाही. आपल्याकडे शंभरात साधारण एकच बाई पिते असं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, म्हणून कदाचित कुणाला गरज वाटली नसेल. पण शंभरातली एक म्हटली तरी देशभरात मिळून अशा कित्येक लाख बाया होतात. आणि मला माहीत आहे, शहरातल्या मुली ते पाहणीवाल्यांना सांगत नाहीत आणि आमच्या जंगलातल्या बाया मोहाच्या घोटाला दारू धरत नाहीत.

आईला दोष देणं किती सोपं आहे याचा मला रोज अनुभव येतो. १९६० आणि ७०च्या दशकांत, वेळेआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला दवाखान्यात डॉक्टरच बाईच्या शिरेतून अल्कोहोल सोडायचे. तेव्हा ते उपचार होते. १९९७ मध्ये याच शहरातला एक खटला कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गोंद हुंगायचं व्यसन असलेल्या एका गरोदर बाईला, बाळासाठी, सक्तीने डांबून उपचार करता येतील का? न्यायालय म्हणालं, नाही. मी तो निकाल प्रथम वाचला तेव्हा मला राग आला होता. दुपारभर टेबलाखाली बसलेलं एक पोर माझ्या डोळ्यांसमोर होतं. मग विचार केला की डांबतात हे कळल्यावर यातली कोणती बाई डॉक्टरकडे जाईल? ज्यांना सर्वांत जास्त गरज, त्याच लपून बसतील. निकाल बरोबर होता असं मी आता मानते. तरी तो राग पूर्ण गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही.

त्याच्या जन्मदात्या आईला मी एकदाच भेटले आहे. डिसेंबरच्या शाळेच्या कार्यक्रमाला ती मागच्या रांगेत येऊन बसली होती, कोट न काढता. वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान, पण थकलेली. तो स्टेजवरून तिला हात करत राहिला, गाण्याचे शब्द विसरून. कार्यक्रम संपल्यावर मी कोण हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. ती माझ्याजवळ आली आणि ओळखपाळख न करता म्हणाली, ‘सहाव्या महिन्यात मी सोडली होती. तुम्हाला सांगितलं का त्यांनी?’ मला कुणी सांगितलं नव्हतं. फाइलीत ‘गर्भावस्थेत मद्याचा संपर्क: निश्चित’ एवढंच आहे. पुढे तिने सांगितलं की तेव्हा तिला राहायला घर नव्हतं, आणि ज्याच्याकडे राहत होती तो प्यायचा, आणि तरी तिने सोडली. तीन महिने एक थेंब नाही. मेंदू नऊ महिने घडत असतो हे मला माहीत होतं, म्हणजे त्या तीन महिन्यांनी काय वाचवलं असेल याचाही मला अंदाज होता. मी तिला म्हटलं, ‘तो जिगसॉ फार सुंदर लावतो. त्यातला काही वाटा तुझ्या त्या तीन महिन्यांचा असणार.’ तिने मान हलवली. विश्वास बसला की नाही, सांगता येणार नाही.

त्याला सांभाळते ती रक्ताने त्याची कुणी नाही. सत्तरीला आलेल्या फोस्टर आजी आहेत. तो त्यांना ‘ग्रॅम’ म्हणतो. त्यांनी अशी आणखीही मुलं वाढवली. त्यांतला एक आता तिशीचा आहे, एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला, आणि त्याला वर्षानुवर्षं त्याच कामावर ठेवणारा समजूतदार मालक मिळाला आहे. तो रोज सकाळी कामावर निघण्याआधी आजींना फोन करतो. आजी विचारतात: किल्ली? फोन? डबा? बसचं कार्ड? तो एकेक वस्तू हातात घेऊन हो म्हणतो. त्याच्या पगारातलं घरभाडं परस्पर जातं, हातखर्चाला आठवड्याला थोडी रोकड मिळते. इथे याला ‘बाहेरचा मेंदू’ म्हणतात. माणसाच्या मेंदूचं जे काम होत नाही ते शेजारच्या माणसाने करायचं, न चिडता, रोज, आणि तो शिकून मोकळा होईल ही आशा न धरता. हे शेवटचं मला सर्वांत अवघड जातं. आपण मूल शिकवतो ते एक दिवस त्याला आपली गरज पडू नये म्हणून. इथे गरज राहणारच आहे. मग गरज असलेलं आयुष्यही चांगलं असू शकतं हे आधी आपल्याला पटावं लागतं. तो तिशीचा माणूस खूश असतो. शनिवारी आजींच्या दारातला बर्फ काढायला येतो, बटाट्याचं सूप खातो, कुत्र्याला फिरवतो. आजींना काळजी एकच. मी गेल्यावर सकाळचा फोन कोण घेणार?

इअरफोनची गोष्ट मी आजींना सांगितली तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, आता कार्ड करायला घेऊ. ही मुलं जरा मोठी झाली की पाकिटात एक कार्ड ठेवतात, पोलिसांना किंवा कुणालाही दाखवायला: मला अमुक विकार आहे, माझ्याशी बोलण्याआधी या नंबरवर फोन करा. मार्चमध्ये एका दुपारी आम्ही तिघं त्यांच्या स्वयंपाकघरात बसून मजकूर ठरवत होतो. आजींचं म्हणणं, ‘मला नीट समजलं नाही तरी मी हो म्हणतो’ हे वाक्य पहिलं हवं. मी म्हटलं, ‘मला एका वेळी एकच प्रश्न विचारा’ हेही हवं. तो ऐकत होता. आपल्याबद्दल लिहिताहेत हे त्याला आवडलं होतं. त्याने विचारलं, ‘हे खरं आहे? मी असं करतो?’ आजी म्हणाल्या, ‘कधी कधी. तुझी चूक नाहीये ती. तुझा मेंदू तसा आहे.’ तो म्हणाला, ‘मग ते पण लिहा.’ आम्ही लिहिलं: ही माझी चूक नाही.

मग त्याने आपला मुद्दा काढला. खाली आजींचा नंबर आहे, तसा आईचाही हवा. आजींनी माझ्याकडे पाहिलं. आईचा नंबर दर काही महिन्यांनी बदलतो, कधी बंदच असतो. त्याने ते ओळखलं असावं, कारण लगेच म्हणाला, ‘माझा फोन असला की ती उचलते.’ आजींनी आणखी काही न विचारता भिंतीवरच्या कॅलेंडरवरून नंबर उतरवून घेतला. त्यांचा स्वतःचा शाईने लिहिला होता, हा पेन्सिलने लिहिला. त्यामुळे कार्ड लॅमिनेट करता येत नाही. सध्या ते एका पारदर्शक बसपासच्या पाकिटात आहे, आणि नंबर बदलला की खोडून नवा लिहायचं काम त्याच्याकडे आहे. आतापर्यंत त्याने एकदा तो बदलला आहे. त्याला आठवण मी केली होती, पण आकडे त्याने स्वतः लिहिले, आणि बरोबर लिहिले.